टीव्हीचा आवाज बंद करा आणि वही काढा: दिल्लीत आघाडी सरकार कसं बनतं ते दोन पानांत कसं मांडायचं

निकालाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एकदा का कळलं की कुठल्याच एका पक्षाचे बहुमताचे २७२ होत नाहीयेत, की टीव्हीवर सगळे एकदम बोलायला लागतात, खाली पट्टी पळते, बाजूला आकडे पळतात आणि घरातलं प्रत्येक माणूस विचारतं की मग आता सरकार कोणाचं? मी अशा वेळी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि वही काढतो. दोन पानं लागतात, जास्त नाही. केंद्रातलं कुठलंही आघाडी सरकार या दोन पानांवर मांडता येतं, ते कसं बनलं, कोणाला काय मिळालं आणि कोणाच्या जिवावर उभं आहे. आले किती हे सगळे चॅनेल दाखवतात, पण कोण गेला तर काय होईल हे कोणी मोजून दाखवत नाही, ते आपलं आपणच मोजावं लागतं.

मला ही सवय १७ एप्रिल १९९९ ला लागली. कॉलेजात होतो, शेजारच्या काकांकडे टीव्हीसमोर निम्मी गल्ली बसलेली. अण्णाद्रमुकच्या १८ खासदारांनी पाठिंबा काढला म्हणून राष्ट्रपती नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव आणायला सांगितलेला. आकडा आला, बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं आणि काका कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. बसप तटस्थ राहणार असं सगळे धरून चालले होते आणि त्यांच्या ५ खासदारांनी ऐनवेळी विरोधात मतदान केलं, नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश मोडून विरोधात गेले, गिरिधर गमांग तेव्हा ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले पण खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता म्हणून तेही येऊन मत देऊन गेले. त्या रात्री मी पहिल्यांदा वहीत नावं आणि आकडे लिहून काढले.

तर आता कसं करायचं ते सांगतो.

वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या. डाव्या पानावर 'आले' लिहा, उजव्या पानावर 'गेले तर'. वर कोपऱ्यात लोकसभेच्या जागा ५४३ आणि बहुमताचा आकडा २७२ लिहून ठेवा. आकडे पेन्सिलने लिहा कारण रात्रीपर्यंत बदलतात, आणि 'आघाडीवर' असलेले धरू नका, 'विजयी' झालेलेच धरा, यात लोक फार फसतात.

डाव्या पानावर आधी निवडणुकीच्या आधीपासून एकत्र असलेल्यांची नावं एकाखाली एक लिहायची. उदाहरण म्हणून २०२४ चंच घेऊ, ते सगळ्यांना आठवतंय. भाजप २४०, चंद्राबाबू नायडूंचा तेलुगू देसम १६, नितीशकुमारांचा जेडीयू १२, शिंदेंची शिवसेना ७, चिराग पासवान यांचा पक्ष ५, मग आरएलडी, जेडीएस आणि जनसेना प्रत्येकी २, आणि एकेक खासदारवाले सात पक्ष ज्यात अजित पवारांची राष्ट्रवादी आणि जीतनराम मांझी यांचा पक्ष आले. बेरीज २९३. समोर काँग्रेस ९९ धरून इंडिया आघाडीचे २३४. म्हणजे सरकार कोणाचं हा प्रश्न ४ जूनला रात्रीच सुटला होता, तरी दोन दिवस चॅनेलवाले अमुक नेता तमुकाला फोन करतोय हेच दाखवत बसले.

आता दुसरा मुद्दा, राष्ट्रपती बोलावतात कोणाला. घटनेच्या कलम ७५ मध्ये एवढंच आहे की पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि बाकी मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानाच्या सल्ल्याने. सगळ्यात मोठ्या पक्षाला आधी बोलवा असं कुठेही लिहिलेलं नाही. सगळा प्रथेचा भाग आहे आणि प्रथा प्रत्येक वेळी थोडी थोडी बदलत गेली. १९८९ ला काँग्रेस १९७ जागा घेऊन सगळ्यात मोठी होती पण राजीव गांधींनी दावाच केला नाही, मग १४३ जागांवाल्या जनता दलाचे व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले. १९९६ ला शंकर दयाळ शर्मा यांनी सगळ्यात मोठा पक्ष म्हणून १६१ जागांच्या भाजपला बोलावलं आणि ते सरकार १३ दिवसांत गेलं कारण मागे कोणी नव्हतंच. त्यातून धडा घेतला गेला असं माझं मत आहे, कारण १९९८ ला नारायणन यांनी वाजपेयींना आधी सांगितलं की पाठिंब्याची पत्रं आणा, मग बघू, आणि अण्णाद्रमुकच्या जयललितांचं पत्र येईना म्हणून सगळं अडून बसलं होतं. मला ही नारायणन यांची पद्धत सगळ्यात योग्य वाटते. तोंडी आश्वासनावर देशाचं सरकार बसवू नये.

म्हणून वहीत प्रत्येक पक्षाच्या नावापुढे एक रकाना पत्राचा ठेवा. पत्र आलं की टिक. आणि इथेच एक फरक करायचा जो नंतर फार उपयोगी पडतो, पक्ष सरकारात बसणार असेल तर नावाभोवती पूर्ण गोल काढा आणि बाहेरून पाठिंबा देणार असेल तर तुटक रेषेचा गोल.

या तुटक गोलाबद्दल जरा जास्त सांगतो कारण आपल्याकडची निम्मी पडझड तिथेच झालेली आहे. बाहेरून पाठिंबा म्हणजे सरकारच्या बाजूने मत देणार पण मंत्रिपद घेणार नाही, जबाबदारी घेणार नाही, आणि वाटेल तेव्हा निघून जाणार. १९७९ ला मोरारजींचं सरकार कोसळल्यावर चरणसिंग पंतप्रधान झाले, त्यात आपले यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान होते, आणि ते सरकार इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर उभं होतं, तो पाठिंबा निघाला आणि चरणसिंगांनी लोकसभेला तोंड न देताच २० ऑगस्टला राजीनामा दिला. व्ही. पी. सिंगांना एका बाजूने ८५ जागांच्या भाजपचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा बाहेरून पाठिंबा होता, रथयात्रेत अडवाणींना समस्तीपूरला अटक झाली आणि भाजप निघून गेला, ७ नोव्हेंबर १९९० ला सरकार हरलं. मग चंद्रशेखर, स्वतःचे साठेक खासदार आणि मागे काँग्रेसचे जवळजवळ दोनशे, हरियाणाचे दोन पोलीस राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवताना सापडले एवढ्यावरून बिनसलं आणि मार्च १९९१ ला त्यांनी राजीनामा दिला. देवेगौडा, गुजराल, दोघांच्याही मागे काँग्रेस बाहेरून, दोघांचंही तसंच झालं. पाच पंतप्रधान झाले हे. त्यामुळे डाव्या पानावर तुटक गोलांची बेरीज पूर्ण गोलांपेक्षा मोठी दिसली तर पानाच्या खाली आत्ताच लिहून ठेवा की हे पाच वर्षं टिकणं अवघड आहे.

२००४ चं सरकार मात्र अपवाद ठरलं. काँग्रेसचे फक्त १४५, डाव्यांचे ५९ बाहेरून, पण तिथे सुरुवातीलाच लेखी किमान समान कार्यक्रम केला, डाव्यांबरोबर समन्वय समिती बसवली, लोकसभेचं अध्यक्षपद माकपच्या सोमनाथ चटर्जींना दिलं. मंत्रिपद न घेणाऱ्यालाही कुठेतरी बांधून घेतलं. चार वर्षं ते चाललं. म्हणून असा कार्यक्रम जाहीर झाला की तो नुसता ठेवून देऊ नका, वाचा, त्यात काय आहे यापेक्षा काय गाळलंय ते बघा. वाजपेयींच्या १९९८ च्या राष्ट्रीय अजेंड्यात राम मंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय नव्हते, मित्रपक्ष कशाच्या बदल्यात आले ते त्या न लिहिलेल्या ओळींतच होतं.

आता उजवं पान. 'गेले तर'.

इथे आधी उशी काढायची, म्हणजे बहुमतापेक्षा जास्तीचे किती. २०२४ ला २९३ वजा २७२, उशी २१. आता एकेक पक्ष काढून बघा. तेलुगू देसमचे १६ गेले, २७७ उरतात, सरकार राहतं. जेडीयूचे १२ गेले, २८१, राहतं. दोघं मिळून गेले तर २८ जातात आणि २६५ उरतात, सरकार अल्पमतात. शिंदेसेना एकटी गेली तर २८६, काही होत नाही. म्हणजे टीव्हीवर जे चाललं होतं की नायडूंनी मनात आणलं तर उद्या सरकार पाडतील, ते कागदावर खरं नव्हतं, त्यांना नितीशकुमारांची किंवा आणखी दोघातिघांची साथ लागली असती. आणि २४० वाल्यालाही हे माहीत असतं, म्हणूनच तो दोघांना एकाच वेळी नाराज होऊ देत नाही. मला विचाराल तर आघाडी सरकार चालवणं म्हणजे बहुतांशी हेच सांभाळणं आहे.

दुसरी एक चूक लोक हमखास करतात. विश्वासदर्शक ठरावाला २७२ लागतात असं धरून बसतात. लागत नाहीत. जे सभागृहात हजर आहेत आणि मत देतायत त्यांच्यातलं बहुमत लागतं. १९९९ ला २६९ अधिक २७० म्हणजे ५३९ मतं पडली, जिंकायला २७० हवी होती, एक कमी पडलं. म्हणून उजव्या पानावर 'तटस्थ' नावाचा एक रकाना जरूर ठेवा, गैरहजर राहणारा खासदार सरकारला मत न देताही मदत करत असतो. २२ जुलै २००८ ला अणुकरारावरून डावे गेले तेव्हा मनमोहन सिंगांच्या बाजूने २७५ आणि विरोधात २५६ पडली, समाजवादी पक्ष धावून आला आणि काही जण मतदानापासून लांब राहिले.

खासदार असे एकेकटे पळू शकत नाहीत का? पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा आहे, आणि २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश फुटून वेगळा गट करायची सोय गेली, आता दोन तृतीयांशांनी विलीन झालं तरच खासदारकी वाचते. १२ जणांच्या पक्षात ८, १६ जणांच्या पक्षात ११. हे आकडे त्या त्या पक्षापुढे कंसात लिहा. आणि या प्रकरणांत निर्णय लोकसभा अध्यक्ष देतात, म्हणूनच त्या खुर्चीसाठी एवढी ओढाताण असते. १९९८ ला तेलुगू देसम बाहेरून पाठिंबा देत होता पण अध्यक्षपद त्यांच्या बालयोगींकडे होतं, ते २००२ ला हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर शिवसेनेचे मनोहर जोशी आले. २०२४ ला भाजपने ते पद कोणालाही दिलं नाही, २६ जूनला ओम बिर्लाच पुन्हा अध्यक्ष झाले. मित्रांना खाती दिली, खुर्ची दिली नाही, हे वहीत नोंदवा.

शपथविधी झाला की खातेवाटप. इथे घाई करू नका, शपथेच्या दिवशी नुसती माणसं कळतात, खाती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येतात. २०२४ ला ९ जूनला शपथ आणि १० ला खाती. आधी मर्यादा लक्षात घ्या, त्याच ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांवर नेऊन बांधली, म्हणजे पंतप्रधान धरून ८१. ९ जूनला ७२ जणांनी शपथ घेतली. उरलेल्या ९ जागा रिकाम्या आहेत असं समजू नका, विस्तारात बघू असं ज्याला ज्याला सांगायचंय त्याच्यासाठी त्या राखून ठेवलेल्या असतात.

मग तीन पायऱ्या. कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र प्रभार असलेला राज्यमंत्री, आणि साधा राज्यमंत्री. कॅबिनेटवाला मंत्रिमंडळाच्या बैठकीत हक्काने बसतो. स्वतंत्र प्रभारवाला स्वतःचं खातं बघतो पण बैठकीला बोलावलं तर जातो. साधा राज्यमंत्री दुसऱ्या मंत्र्याच्या हाताखाली. हा फरक आपल्याकडे २०२४ ला सगळ्यांनी पाहिला. प्रफुल्ल पटेल यांना स्वतंत्र प्रभार देऊ केला आणि राष्ट्रवादीने नाही म्हटलं, कारण ते मनमोहन सिंगांच्या वेळी कॅबिनेट मंत्री राहिलेले होते, खाली कसं यायचं. शिंदेसेनेच्या ७ खासदारांमागे एक प्रतापराव जाधव, आयुष, स्वतंत्र प्रभार. आणि तिकडे ५ खासदारांचे चिराग पासवान कॅबिनेट, २ खासदारांचे कुमारस्वामी कॅबिनेट, एकटे मांझी तेही कॅबिनेट. शिंदेसेनेचे खासदार श्रीरंग बारणे यांनी तेव्हा उघड नाराजी बोलून दाखवली आणि मला ती रास्त वाटली, सात म्हणजे काही थोडे नाहीत. पण उजवं पान उघडून बघा, सात जाऊन सरकारला धक्का बसत नव्हता आणि हे सात जाणार कुठे हाही प्रश्न होताच. नुसत्या संख्येवर वाटप होत नाही. दुसरीकडे जायची वाट ज्याला मोकळी आहे त्याला जास्त मिळतं, आणि माजी मुख्यमंत्र्याला राज्यमंत्री करता येत नाही म्हणूनही काही जागा कॅबिनेटच्या होतात.

खात्यांचं वजन कसं बघायचं? गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र ही चार एका ओळीत लिहा. हे चार मंत्री आणि पंतप्रधान मिळून सुरक्षाविषयक समिती होते. यातलं एक जरी मित्रपक्षाकडे असेल तर मोठा पक्ष खरंच दबला आहे असं समजा. देवेगौडांच्या वेळी संरक्षण मुलायमसिंगांकडे आणि गृह भाकपच्या इंद्रजित गुप्तांकडे होतं. वाजपेयींनी संरक्षण बराच काळ जॉर्ज फर्नांडिसांकडे दिलं, ते रालोआचे, म्हणजे भाजपच्या आघाडीचे, निमंत्रकही होते. २००४ ला चारही काँग्रेसकडे, २०२४ ला चारही भाजपकडे.

त्यानंतर रेल्वे. एके काळी रेल्वे कोणाला मिळाली एवढं बघितलं तरी आघाडीत कोण वजनदार आहे ते कळायचं. १९९८ पासून नितीशकुमार, ममता, परत नितीशकुमार, लालू, परत ममता, सगळे मित्रपक्षांचे. वेगळा रेल्वे अर्थसंकल्प असायचा, त्यात नव्या गाड्या जाहीर व्हायच्या आणि त्या आपल्या राज्यात नेता यायच्या. मार्च २०१२ ला तृणमूलच्या दिनेश त्रिवेदींनी भाडेवाढ मांडली आणि ममतांनी त्यांनाच पदावरून काढायला लावलं. पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातला मंत्री, पण ठेवायचा का काढायचा ते ठरलं कोलकात्यात. हे मला अजूनही मनाला पटत नाही, देशाच्या रेल्वेचा निर्णय पक्षाच्या कार्यालयात व्हायला नको होता. आता रेल्वे मोठ्या पक्षाने स्वतःकडेच ठेवलीय आणि वेगळं बजेटही २०१७ पासून नाही.

त्यामुळे आजकाल मित्रपक्षाला काय मिळालं ते खात्यांपेक्षा बजेटमध्ये जास्त दिसतं, म्हणून वहीचं पान शपथविधीनंतर बंद करू नका. २०२४ ला मित्रपक्षांचे एकूण ११ मंत्री झाले, नागरी विमान वाहतूक तेलुगू देसमच्या राममोहन नायडूंना, पंचायतराज आणि पशुसंवर्धन-मत्स्य जेडीयूच्या लल्लन सिंगांना. ठीकठाक खाती. बिहारला विशेष दर्जा हवा होता, २२ जुलैला सरकारने संसदेत सांगून टाकलं की तो निकषांत बसत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी बजेटमध्ये बिहारच्या रस्त्यांना २६,००० कोटी आणि आंध्रच्या अमरावती राजधानीसाठी १५,००० कोटींची सोय. माझ्या वहीत तेलुगू देसम आणि जेडीयू यांच्यापुढे खऱ्या वाटपाची तारीख २३ जुलै आहे, १० जून नाही. महाराष्ट्रातून तेव्हा गडकरी, गोयल धरून सहा मंत्री होते, तरी आपल्या ४८ जागांच्या राज्याचं नाव त्या भाषणात कुठे येतंय हे मी कान देऊन ऐकत होतो.

शेवटचं काम, कोणीतरी 'पाठिंबा काढतो' म्हणालं की काय करायचं. भाषण ऐकू नका, दोन गोष्टी बघा. मंत्र्यांचे राजीनामे पंतप्रधानांकडे गेले का, आणि राष्ट्रपतींना पत्र गेलं का. ही दोन्ही होईपर्यंत वहीत खोडाखोड करायची नाही. २००९ ला शपथविधीच्या दिवशी द्रमुक खात्यांवरून रुसून बाहेर बसला होता आणि सहा दिवसांनी त्यांचे मंत्री शपथ घेऊन मोकळे झाले, त्या सहा दिवसांत मी दोनदा खोडरबर वापरला. पत्र खरंच गेलं तर मग उशीचं गणित नव्याने करा आणि तुटक गोलवाल्यांकडे बघा. विरोधकांना अविश्वास ठराव आणायचा तर आधी ५० खासदार उभे राहावे लागतात, तेवढे जमतात, पण पाडायला लागणारे जमतात का ते उजव्या पानावर आधीच लिहिलेलं असतं.

माझं सप्टेंबर २०१२ चं पान अजून आहे. किराणातल्या परदेशी गुंतवणुकीवरून आणि डिझेलच्या दरावरून मनमोहन सिंगांच्या सरकारातून तृणमूलचे १९ गेले, त्यांच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, सगळीकडे सरकार पडलं पडलं सुरू झालं. पानावर १९ वर आडवी रेघ आहे, आणि खाली तुटक गोलात बसपचे २१ आणि सपाचे वीस-बावीस. मार्च २०१३ ला द्रमुकचे १८ गेले, त्यांच्यावरही रेघ आहे. सरकार मे २०१४ पर्यंत चाललं.